मूळ प्रत, भर आणि जमिनीवरचा ठिपका

भर पावसात छत्र्या सांभाळत अलिबागच्या या सभागृहात आलेल्या सगळ्यांना, आणि नंतर हे व्याख्यान आपापल्या पडद्यावर वाचणाऱ्यांनाही नमस्कार.

अशा व्यासपीठावर सहसा पुस्तकांवर बोललं जातं, नाटकांवर बोललं जातं. आज आम्ही एका संगणकीय खेळावर बोलणार आहोत, आणि तोही जवळजवळ पाव शतकापूर्वीच्या. ‘इल-२ स्टुर्मोविक’ हे त्याचं नाव. दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं उडवण्याचा हा सिम्युलेटर. पत्रिकेत विषय छापलाय, ‘मॉड घालायला सुरुवात कशी करावी’. त्यामुळे पुढच्या दोन रांगांत काही तरुण मंडळी वही-पेन घेऊन बसलेली दिसतायत. त्यांची निराशा करणार नाही, पायऱ्या सांगू. पण आम्ही मूळचे टीकाकार. कसं करायचं हे सांगताना कशासाठी करायचं आणि कुठं थांबायचं, हे विचारल्याशिवाय आमचं भागत नाही.

ज्यांना मॉड हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळ बनवणाऱ्यांनी तो विकला की त्यांचं काम संपतं. पुढे खेळणाऱ्यांपैकीच काही जण त्याच्या पोटात हात घालतात. नवं विमान, नवा नकाशा, इंजिनाचा वेगळा आवाज, विमानावरची वेगळी रंगसंगती असं काहीबाही त्यात भरतात. या भरीला मॉड म्हणतात. काही जण तिला सुधारणा मानतात, काही जण लबाडी मानतात. आम्ही तिला पाठभेद म्हणतो. आणि पाठभेदाला जे नियम लागतात ते सगळे मॉडलाही लागतात, एवढंच आजच्या व्याख्यानाचं सार आहे.

सुरुवात आमच्या फजितीपासून करू. पहिल्यांदा मॉडचं वेड लागलं तेव्हा आम्ही मिळेल ते उतरवून घेतलं. एका रात्रीत चाळीसेक विमानं, आठ-दहा नकाशे, आवाजांची दोन गाठोडी, सगळं एकदम मूळ फोल्डरात ओतलं. खेळ सुरू केला. लोडिंगची पट्टी निम्म्यावर आली आणि थांबली. पुन्हा सुरू केला, पुन्हा तिथंच. चाळीसातल्या कोणत्या विमानानं दगा दिला, कळायला मार्ग नाही. मूळ फोल्डरची प्रत ठेवलेली नव्हती. सीडी काढून पाहिली तर कोकणातल्या दोन पावसाळ्यांनी तिच्यावर बुरशीची नक्षी काढलेली. शेवटी रेवसहून लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरलो, मुंबईतून नवी सीडी आणली आणि परत पहिल्यापासून श्रीगणेशा. (हशा)

हसताय ते बरोबर आहे. पण या फजितीचं उत्तर या गावात शंभर वर्षांहून अधिक काळ उभं आहे. आपली चुंबकीय वेधशाळा! रोज तिच्यावरून जाताना आपण तिच्याकडे बघतही नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी मुंबईत, कुलाब्याला होत असत. मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा लक्षात आलं, की त्या विजेमुळे सुया थरथरणार आणि नोंदी बिघडणार. म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला आणलं. इमारतीत चुंबकाला भुलवील असं लोखंड येऊ दिलं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट पुढं आहे. अलिबागला काम सुरू झालं म्हणून कुलाबा लगेच बंद केलं नाही. जवळजवळ दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, ताडून पाहिल्या, आणि मगच जुनी जागा सोडली. त्यामुळे कुलाब्यापासून अलिबागपर्यंतची मालिका अखंड राहिली.

मॉड घालणाऱ्याची पहिली पायरी हीच. एक निर्मळ प्रत वेगळी ठेवायची, तिला कधीही हात लावायचा नाही, आणि बदललेली प्रत तिच्याशेजारी चालवून ताडत राहायचं. हा खेळ त्याला सोयीचाही आहे. एकदा बसवला की त्याचा अख्खा फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवता येतो आणि तिथूनही तो चालतो. म्हणून खेळ विंडोजच्या ‘प्रोग्राम फाइल्स’ या राखीव जागेत बसवू नका. तिथं विंडोज बदल करू देताना कुरकुर करतं. सरळ डिस्कवर वेगळा फोल्डर करा. त्याची एक प्रत काढा आणि नाव द्या ‘मूळ’. दुसरी प्रत काढा, नाव द्या ‘प्रयोग’. मग जे काही कराल ते ‘प्रयोग’मध्ये.

आता थोडा इतिहास, कारण त्यावाचून पुढचा वाद कळणार नाही. ओलेग मॅडॉक्स आणि त्यांच्या मॉस्कोतल्या चमूनं हा खेळ २००१ च्या अखेरीस आणला. खेळाला नाव मिळालं ते सोव्हिएत इल-२ या विमानावरून. झाडांच्या शेंड्यांवरून उडत जमिनीवरच्या रणगाड्यांवर आणि ताफ्यांवर मारा करणारं हे विमान. म्हणजे हे जग मुळात रशियन आघाडीचं. मग २००३ मध्ये ‘फरगॉटन बॅटल्स’ आला, २००४ मध्ये ‘पॅसिफिक फायटर्स’ आला, आणि २००६ च्या शेवटी या सगळ्याची मोट बांधून ‘१९४६’ ही आवृत्ती आली. आज जुन्या खेळांच्या दुकानांत अधिकृतपणे मिळते ती हीच, आणि तीच विकत घ्या. मूळ लेखकाला त्याचे पैसे न देता त्याच्या ग्रंथावर भाष्य करायला बसणं आम्हाला तरी शोभत नाही.

या सगळ्या वर्षांत खेळाचा गाभा कुलूपबंद होता. विमानांची आकडेमोड, नियम, आवाज सगळं बंदिस्त फायलींत. २००७ मध्ये खेळणाऱ्यांपैकी काहींनी ते कुलूप उघडलं, आणि जगभरच्या वैमानिक मंडळींत उभी फूट पडली. एक बाजू म्हणाली, आता कुणीही आपल्या विमानाचा वेग वाढवून घेईल, आंतरजालावरच्या लढतीत कुणावर भरवसा ठेवायचा? दुसरी बाजू म्हणाली, बनवणारे तर पुढच्या खेळाच्या मागे लागले; हा जिवंत ठेवायचा तर आम्हीच ठेवला पाहिजे.

मराठी वाचकाला हा वाद नवा वाटायला नको. ज्ञानेश्वरी हाती लिहिली जात होती, तेव्हा तीनशे वर्षांत तिच्यात कितीतरी ओव्या इकडच्या तिकडच्या शिरल्या. नकलणाऱ्याचा भाव चांगलाच होता, भक्तीचाच होता, पण पाठ बिघडत गेला. शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी तो शुद्ध केला आणि यात कुणी आपली भर घालू नये, अशी तंबीही देऊन ठेवली. ही झाली मूळ जपणाऱ्यांची बाजू, आणि आम्ही तिला कमी लेखत नाही.

पण आपल्याकडे दुसरंही एक उत्तर घडलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं, विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली, आणि ते पुरं झालं १९६६ मध्ये. देशभरातली हजाराहून जास्त हस्तलिखितं ताडली गेली. या संपादकांनी नंतर भरलेले श्लोक जाळून टाकले नाहीत. संहिता वर ठेवली, आणि पाठभेद व प्रक्षेप खाली, टिपांत आणि परिशिष्टांत, कोणत्या पोथीत आहेत त्या खुणेसकट छापले. वाचणाऱ्याला मूळही दिसतं आणि भरही दिसते, आणि कोणती कुठली हेही कळतं.

आता मॉड घालायची जी साधनं आहेत ती याच कसोटीवर पाहा. ‘जेएसजीएमई’ नावाची एक छोटीशी मोफत उपयुक्ती आहे. प्रत्येक मॉड ती वेगळ्या फोल्डरात ठेवते. खुणेनं चालू करता येतो, खुणेनं बंद करता येतो. बंद केला की मूळ फाइल जिथल्या तिथे परत. आपल्या कुलाबा किल्ल्यासारखंच म्हणा ना. ओहोटीला वाट उघडी, भरतीला बंद, आणि त्यापायी ना किल्ल्याचं काही बिघडत ना समुद्राचं. तसंच ‘सिलेक्टर’ नावाचं एक साधन आहे. खेळ सुरू करतानाच ते विचारतं, मूळ खेळायचा की मॉडसकट? आमच्या मते मॉडच्या दुनियेनं दिलेली सर्वांत सुसंस्कृत देणगी एखादं विमान नव्हे, हा प्रश्न आहे.

आणि त्या भांडणाचं पुढं काय झालं? ‘टीम डेडलस’ नावाचा स्वयंसेवकांचा गट पुढे आला. त्यांनी बनवणाऱ्यांच्या संमतीनं अधिकृत सुधारणा काढायला सुरुवात केली. २०१० च्या अखेरीस ४.१० ही आवृत्ती आली, नंतर आणखीही आल्या. म्हणजे नकलणारे होते ते संपादक झाले. दुसरीकडे मुक्त मॉडवाल्यांनी आपापले संच बांधले आणि लढतीत दोन्हीकडे एकच संच असावा असा दंडक घातला. दोन्ही परंपरा नांदल्या. आपल्याकडच्या वादांचे शेवट नेहमी इतके समजूतदार होतात असं नाही, असो.

आता वह्या उघडा. पायऱ्या सांगतो, आणि प्रत्येक पायरीवर आमची टिप्पणीही सोसावी लागेल.

पहिली पायरी रंगाची. विमानाच्या कातडीवरचं चित्र, म्हणजे स्किन. याला कुलूप उघडावं लागत नाही. मूळ लेखकानंच हे दार उघडं ठेवलेलं आहे. १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं, २५६ रंगांचं बीएमपी चित्र तयार करायचं आणि ‘पेंटस्कीम्स’मधल्या ‘स्किन्स’ या फोल्डरात त्या त्या विमानाच्या नावाखाली ठेवायचं. झालं. काही बिघडलं तर चित्र पुसून टाका.

वरवरचं काम वाटतं ना? मग हे ऐका. १९४४ मध्ये इंफाळच्या वेढ्यात आपल्या हवाई दलाचं १ नंबर स्क्वाड्रन हरिकेन विमानांवर होतं, आणि त्याचे प्रमुख होते अर्जन सिंग. ब्रिटिश विमानावरचं गोल चिन्ह युरोपात निळं-पांढरं-तांबडं असायचं. बर्माच्या आघाडीवर मात्र त्यातला तांबडा रंग काढून टाकलेला होता, आत फिकट निळा आणि बाहेर गडद निळा. कारण काय? जपानी विमानावरचं चिन्हही तांबडा गोळा. घाईत, धुक्यात, दोनशे यार्डांवरून तांबडा ठिपका दिसला की आपलाच माणूस आपल्यावर गोळी झाडणार. तेव्हा तुम्ही इंफाळची मोहीम रचलीत आणि हरिकेनवर युरोपातलं तांबडं चिन्ह तसंच राहू दिलंत, तर ती रंगाची चूक राहत नाही. ज्या भीतीपोटी तो रंग काढला ती भीतीच तुम्ही इतिहासातून काढून टाकता. खेळात ‘मार्किंग्ज’ बंद करण्याची सोय आहे. ती बंद करा आणि चिन्ह स्वतः स्किनवर रंगवा. एका संध्याकाळचं काम आहे. पण ते करताना जे वाचावं लागतं, जुनी छायाचित्रं पाहावी लागतात, तोच खरा लाभ.

दुसरी पायरी मोहिमेची. खेळात ‘फुल मिशन बिल्डर’ आहे. नकाशावर विमानं, तोफा, ट्रक मांडायचे, वाटा आखायच्या, वेळ आणि हवामान ठरवायचं. तयार होते ती साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्येही उघडते. इथंही कुलूप नाही. आम्ही तर म्हणू, निदान महिनाभर या दोन पायऱ्यांवरच राहा. रंग आणि कथा, दोन्ही हाताशी असताना पुष्कळ जण सरळ इंजिन उघडायला धावतात.

तिसरी पायरी पायाभूत संचाची. आता ‘प्रयोग’मध्ये सिलेक्टर आणि त्याचा मूळ संच बसवा. आधी आपल्या खेळाची आवृत्ती नक्की करा, ४.१० साठी केलेला मॉड ४.१२ वर चालेलच असं नाही. आणि संच बसवून झाल्यावर एकही नवी वस्तू न घालता खेळ एकदा सुरू करून बघा. आमच्या त्या फजितीच्या रात्री ही एवढी गोष्ट केली असती तरी लाँचचं तिकीट वाचलं असतं.

चौथी पायरी एका विमानाची. एकाच. नवं विमान आलं की त्याची नोंद ‘एअर डॉट आयएनआय’ या यादीत एका ओळीनं करायची आणि त्याचं नाव ‘प्लेन डॉट प्रॉपर्टीज’मध्ये लिहायचं. यादीत ओळ आहे पण विमानाच्या फायली जागेवर नाहीत, असं झालं की लोडिंगची पट्टी थांबलीच म्हणून समजा. म्हणजे लग्नाच्या पंगतीत पान वाढलंय आणि पाहुणाच आला नाही. पण हा खेळ असा हट्टी यजमान, की त्यापायी तो सगळी पंगतच उठवतो. मग खेळाची नोंदवही बघायची. ‘कॉन्फ डॉट आयएनआय’मध्ये नोंद चालू केलीत तर ‘लॉग डॉट एलएसटी’ या फाइलीत चुकीचा माग सापडतो. एक विमान, एक ओळ, एकदा सुरू करणं, वहीत तारीख घालून टिपणं. मग दुसरं.

या पायरीवर आमची खरी तक्रार आहे, ती सांगतोच. मॉडच्या मोठमोठ्या संचांत आज शेकड्यांनी विमानं असतात. पण त्यांतली सगळी सारख्या निष्ठेनं केलेली नाहीत. बाहेरून नवं विमान आणि आत बसलं तर कॉकपिट दुसऱ्याच विमानाचं उसनं, असं पुष्कळदा झालेलं आहे. उड्डाणाची आकडेवारी तर त्याहून नाजूक. या खेळात सगळ्या विमानांच्या उडण्याचे आकडे ‘बटन्स’ नावाच्या एकाच फाइलीत असतात. एखाद्या मॉडसोबत ती फाइल बदलून आली, की तुमच्या नव्या विमानाबरोबर जुन्याही विमानांच्या वागण्यात फरक पडू शकतो आणि तुम्हाला कळतही नाही. कालपर्यंत वळताना पंख टाकणारं विमान आज गुपचूप सरळ वळतं. हाच तो प्रक्षेप, कुठल्या पोथीतला याची खूण नसलेला. म्हणून मॉड निवडताना संख्या बघू नका. करणाऱ्यानं काय बदललं, कशावरून बदललं आणि काय उसनं घेतलं हे लिहिलंय का, ते बघा. ज्याच्यासोबत असं टिपण नाही तो मॉड कितीही देखणा असो, आम्ही तो ‘प्रयोग’मध्येसुद्धा घेत नाही.

एवढं म्हटल्यावर मूळ लेखकालाही सोडता येणार नाही. मूळ खेळ प्रामाणिक आणि मॉड म्हणजे कल्पनेचा पसारा, असं जे म्हणतात त्यांनी ‘१९४६’ उघडून बघावा. त्या आवृत्तीत मॅडॉक्स यांच्या चमूनं स्वतःच युद्ध एक वर्ष लांबवलं आणि कधी लढाईत न उतरलेली जर्मन विमानं आकाशात सोडली. टा-१८३ फक्त कागदावर राहिलेलं जेट, लेर्खे तर उभं उडणारं चमत्कारिक यंत्र. म्हणजे कल्पनेचा पहिला मॉड मूळ लेखकाचाच! उलटही झालं. ‘पॅसिफिक फायटर्स’च्या वेळी एका अमेरिकी विमान कंपनीच्या ट्रेडमार्कच्या दाव्यामुळे प्रत्यक्षात लढलेल्या काही विमानांचं काम पुढे नेता आलं नाही. न लढलेलं विमान आत आणि लढलेलं बाहेर. तेव्हा मूळ संहिता म्हणजे सत्य, असा भ्रम नको. मूळ संहितेचं महत्त्व एवढंच, की तिच्याशी ताडून आपला बदल मोजता येतो.

पाचवी पायरी नकाशाची. ती बहुतेकांनी फक्त बघायची असते, पण बघण्यासारखी आहे. या खेळातला नकाशा म्हणजे काही करड्या चित्रांचा जुडगा. एका चित्रात उंची, एकात जमिनीचा पोत, एकात पाणी कुठं आणि जमीन कुठं. उंचीच्या चित्रात एक पिक्सेल म्हणजे २०० मीटर. आमच्यातल्या एकाला हौस आली, आपला किनारा करूया, मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत. आम्ही बसलो हिशेबाला. कुलाबा किल्ला दक्षिणोत्तर साधारण नऊशे फूट, म्हणजे पावणेतीनशे मीटर. दीड पिक्सेल! सरखेल कान्होजींच्या किल्ल्याची किंमत दीड पिक्सेल. कुंडलिकेची खाडी येते, रेवदंड्याचा पूल येतो तो वेगळी वस्तू म्हणून वर ठेवावा लागतो, आणि कोळीवाडे, वाड्या, नारळी-पोफळीच्या बागा सगळं एकाच हिरव्या पोतात मिसळून जातं. तो नकाशा पुरा झाला नाही. पण त्यातून एक धडा मिळाला, की प्रत्येक नकाशा काय विसरायचं ते आधी ठरवतो आणि मगच बाकीचं दाखवतो.

आणि आता मंडळी, ज्यासाठी हा विषय घेतला त्या मुद्द्यावर येतो.

या खेळानं काय विसरलंय? एक उत्तर सरळ आहे. आपले वैमानिक. फेब्रुवारी १९४२ मध्ये करुण कृष्ण मजुमदार १ नंबर स्क्वाड्रन घेऊन बर्मात उतरले, ते लायसँडर विमानांवर. हे विमान लष्कराच्या मदतीसाठी, टेहळणीसाठी केलेलं, मंद, उंच पंखांचं. त्यालाच बॉम्ब लावून त्यांनी जपान्यांच्या ताब्यातल्या हवाई तळावर हल्ला केला. ज्या कामासाठी यंत्र बनलं नाही ते काम त्याच्याकडून करून घेणं, याला मॉड नाही तर काय म्हणायचं? पुढे ७ आणि ८ नंबरची स्क्वाड्रन व्हेंजन्स या डाइव्ह बॉम्बरवर लढली, आणि ८ नंबर नंतर स्पिटफायरवर गेलं. २००१ च्या त्या रशियन आघाडीच्या जगात यांना जागा नव्हती. तेव्हा भर घालणाऱ्यांसाठी इथं खरंच काम आहे. त्या कामाला आम्ही प्रक्षेप म्हणणार नाही, ते गहाळ पान परत लावणं आहे.

पण दुसरं उत्तर आम्हाला जास्त छळतं. आपल्या रायगड जिल्ह्याची, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याची, त्या युद्धातली मोठी आठवण कोणती? माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतली जवळजवळ सगळी माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि हा बावीस वर्षांचा पोरगा एकटा त्या मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्ब, बंदूक, शेवटी बंदुकीचा दस्ता. ठाणं गप्प केलं आणि लपलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्यांनी तिथंच पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, गोवा महामार्गानं जाताना आपण सगळे तिथून जातो.

आता या खेळात इटलीचा जुलै महिना उभा करा. तुम्ही कॉकपिटमध्ये आहात, खाली खोरं आहे. यशवंत घाडगे कुठं आहेत? ते दिसत नाहीत. फार तर एखादा ठिपका. या खेळाचं नावच मुळी जमिनीवर मारा करणाऱ्या विमानावरून आलेलं. त्याच्या दृष्टीनं जमीन म्हणजे लक्ष्य. ट्रक, तोफ, रणगाडा, आगगाडी. आमच्या जिल्ह्याचा माणूस या महायुद्धात जिथं होता तिथंच या खेळाची नजर पोचत नाही, आणि पोचते तेव्हा गोळी घेऊन पोचते.

मॉडनं हे दुरुस्त होईल का? आम्ही प्रयत्न केला, खोटं कशाला सांगू. टेकडीवर तोफा मांडल्या, खंदक मांडले, वरून घिरट्या घातल्या. उपयोग झाला नाही. पाचशे मीटरवरून शौर्य दिसत नाही. कितीही पोत बारीक करा, कितीही माणसं पेरा, कॉकपिट हे कॉकपिटच राहतं. इथं आमच्या मते भर घालणाऱ्यानं थांबावं. विसरलेलं विमान परत आणता येतं, चुकलेलं चिन्ह पुन्हा रंगवता येतं. पण एखाद्या कलाकृतीची नजरच जिथं संपते तिथं आणखी सामान ओतून ती वाढत नाही. ती मर्यादा वहीत लिहून ठेवायची, लपवायची नाही.

मग त्या इटलीच्या मोहिमेचं आम्ही काय केलं? ती ठेवली. पण मोहिमेच्या आधी वाचायला जो मजकूर येतो, त्यात शत्रूचे ताफे आणि उंचीचे आकडे यांच्यावर चार ओळी घातल्या. खाली कोण लढतंय, कुठल्या गावचं आहे, आज कोणती तारीख आहे. बस. या मोहिमेत बॉम्ब नाहीत. टेहळणी करायची, छायाचित्रं घ्यायला गेल्यासारखं जायचं आणि परत यायचं. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलानं ती खेळून झाल्यावर विचारलं, “दादा, यात गोळीबार कुठाय?” आम्ही म्हटलं, खाली चाललाय. तो पुन्हा उडाला, या वेळी जरा खालून.

आता वेळ संपत आला, तरी मागून एक प्रश्न आलाय तो घेतो. एका काकांनी विचारलंय, इतकी खटपट करण्यापेक्षा नवा, चकचकीत सिम्युलेटर का घेऊ नये? काका, जरूर घ्या. नव्याचं आकाश फार सुंदर असतं. पण त्याला तगडा संगणक लागतो, आणि पुष्कळदा तो आतून उघडून बघता येत नाही. हा जुना खेळ घरातल्या साध्या संगणकावर चालतो आणि त्याच्या पोटातली प्रत्येक ओळ वाचता येते. नवी पुस्तकं वाचावीतच. पण वाचायला शिकायचं असेल तर ज्याच्या समासात लिहिता येतं असं पुस्तक हाती हवं.

तर घरचा अभ्यास. या आठवड्यात ‘मूळ’ आणि ‘प्रयोग’ अशा दोन प्रती करा. एक हरिकेन निवडा आणि त्याच्यावरचा तांबडा ठिपका काढा. का काढला ते वहीत दोन ओळींत लिहा, तारीख घाला, खाली आपलं नाव घाला. दुसरं विमान पुढच्या आठवड्यात.

आणि जाताना छत्र्या विसरू नका. मागच्या खेपेला सहा राहिल्या होत्या.